मॉरिसचं तोंड

गैबी मिस्त्रींना राग येत नसे. तो त्यांच्याकडे कायमचा मुक्कामालाच होता. सकाळी मंगळवार पेठेतल्या गॅरेजचं पत्र्याचं दार उघडलं, की आधी राग बाहेर पडायचा आणि त्याच्या मागून गैबी मिस्त्री. दार अडकलं तर अडकलं म्हणून राग. सहज उघडलं तर, ‘म्हंजे रात्री कडी नीट लागली नव्हती!’ म्हणून राग. समोर उभी असलेली गाडी बिघडलेली आहे म्हणून तर राग असायचाच, पण एखादी धडधाकट गाडी नुसती हवा भरायला आली, तरी ‘हिला काय धाड भरलीया आत्ता?’ अशा नजरेनं ते तिच्याकडं बघत.

तरीही लोक गाड्या त्यांच्याकडंच आणत. ज्या माणसाला एका ढिल्या नटाचा एवढा संताप येतो, तो माणूस नट ढिला सोडणार नाही, एवढं शहाणपण पेठेत होतं.

पण पेठ त्यांच्या रागाला भ्यायची ती आरडाओरड्यामुळं नाही. कोल्हापुरात आरडाओरड्याला कोण भितो? इथं माणूस कानात गुपित सांगतो ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. भीती होती ती वेगळीच. गैबी मिस्त्री रागाच्या भरात जे बोलत, ते राग उतरल्यावरही पाळत. एकदा गुंडूच्या टपरीवर चहा पाणचट लागला. मिस्त्री म्हणाले, “गुंडू, आजपासनं तुझा चहा मला हराम!” झालं. तेव्हापासून मिस्त्री रोज गुंडूच्याच बाकड्यावर बसत, त्याचाच पेपर वाचत, त्याच्याशीच भांडत आणि पाणी पीत. गुंडूही ते पाणी कपबशीतून आणून देई, कारण शेवटी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. न्हाव्याचा वस्तरा कानाला लागला, त्यानंतर मिस्त्रींनी दाढी वाढवली. नवख्या माणसाला वाटे, मिस्त्री फार देवभोळे. ती दाढी न्हाव्यावरच्या रागाची होती. मेव्हण्याच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही असं एकदा बोलून गेले, तर त्याच्या पोरीच्या लग्नात मांडवाबाहेर रस्त्यावर उभं राहून त्यांनी आचाऱ्याला बिर्याणीचा जाळ कमी-जास्त करायला लावला, पण उंबरा काही ओलांडला नाही.

अशा माणसानं सत्तर सालच्या सुमाराला, ऐन गुळाच्या हंगामात, एका मॉरिस गाडीच्या पंपापायी भर टपरीवर जे तोंडातून काढलं, त्यानं सगळं बाकडं गार पडलं.

ती मॉरिस बापूसोंची. बापूसो म्हणजे जैन घरातले गुळाचे व्यापारी. दुकान शाहूपुरीत, राहणं पेठेत, शेती आणि गुऱ्हाळ मुरगूडच्या अंगाला. माणूस इतका मऊ, की गिऱ्हाईकानं गुळाची ढेप परत आणली, तर हेच त्याची माफी मागून त्याला चहा पाजत. एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून त्यांनी ती विलायती गाडी घेतली होती. काळी, गोल, पाठीला पोक असल्यासारखी. गाडी जुनी पण गुणी. फक्त तिचा पेट्रोलचा काटा मेलेला होता, आणि आता तिच्या पंपाच्या दुखण्यानं उचल खाल्ली होती.

मॉरिसची पेट्रोलची टाकी मागं आणि इंजिन पुढं. मागचं पेट्रोल पुढं ओढायला इंजिनामागच्या पत्र्याला एक लहान तांब्याएवढा पंप. तो चालायचा बॅटरीवर. किल्ली फिरवली, की आतून ‘टक-टक-टक-टक’ असा आवाज यायचा. इंजिनाला पुरेसं पेट्रोल पोचलं, की टकटक संथ व्हायची. मिस्त्रींचं या आवाजावर मनातून प्रेम होतं, अर्थात ते प्रेमसुद्धा रागानं. “बगा! घड्याळ झक मारतंय ह्याच्यापुढं! आन् तुमी लोक ह्याला जपत न्हाईसा!” असं ते ज्याला-त्याला ऐकवत.

हाच पंप आता दगा देत होता. आणि दगाही कसा? कोल्हापुरात गाडी दिवसभर पळवा, काही नाही. दुकानाला न्या, रंकाळ्याला फिरवा, पंप टकटक करतोय. पण मुरगूडला निघाली, की कागल सोडून जरा पुढं गेल्यावर गाडी गचके खायची आणि थांबायची. पंप मुका. हात लावावा तर तापलेला. मग बापूसो खाली उतरत, काटा मेलेला म्हणून मागं जाऊन टाकीचं झाकण उघडत, आत काडी घालून पेट्रोल बघत. पेट्रोल असायचं. मग पुढं येऊन, मिस्त्रींनी शिकवून ठेवल्याप्रमाणं, पान्याच्या दांड्यानं पंपाला दोन टिचक्या मारत. पंप लगेच ‘टक-टक-टक’! गाडी सुरू.

“म्हंजे रोग पंपातच हाय!” मिस्त्री गरजले. “मार खाल्ल्यावर चालतोय म्हंजे आतले विजेचे पॉइंट चिकटत्यात.”

त्यांनी पंप खोलला. पॉइंट घासले. गाडी कागलच्या पुढं बंद पडली. त्यांनी वायरी बदलल्या. कागलच्या पुढं बंद. पुण्याहून पंपातला नवा रबरी पडदा मागवून घातला. कागल ओलांडलं, गाडी बंद. शेवटी एका मोडीत निघालेल्या गाडीचा अख्खा पंप काढून हिला बसवला, तर तोही कागलच्या पुढं मुका झाला.

“ह्योबी हरामखोर निघाला!” मिस्त्री म्हणाले. एकाच जातीचे दोन पंप एकाच ठिकाणी का दमतात, हा प्रश्न साध्या माणसाला पडला असता. पण राग आला की मिस्त्रींना प्रश्न पडत नसत, फक्त उत्तरं सुचत.

त्यांना सांगायला कुणी नव्हतं असंही नाही. एकदा बापूसोंच्या आई, पद्मावतीआक्का, गाडीपाशी आल्या. पांढरं लुगडं, वाकलेली पाठ आणि आवाज मात्र गुऱ्हाळावरच्या गड्यांना हाका मारून कमावलेला. “मिस्त्री, मी काय म्हंते—”

“काय म्हणू नका, आक्का!” मिस्त्री बॉनेटमधून ओरडले. “डोकं फिरलंय माजं!”

आक्का गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या दिवशी बसल्या.

आणखी एकदा गाडी गॅरेजात असताना मागच्या बाजूला मुंग्यांची रांग दिसली, चाकावरून चढून पेट्रोलच्या झाकणापर्यंत गेलेली. मिस्त्रींनी फडकं घेऊन झाकणासकट सगळं पुसून काढलं आणि बापूसोंवर उखडले, “गाडीत लाडू वळतासा काय वो?” बापूसो ओशाळून हसले. गुळाच्या व्यापाऱ्याच्या हाताला सगळंच चिकट लागायचं, अंगरख्यालाही मुंग्या असायच्या, गाडीला असल्या तर काय नवल? त्या दिवशी गाडी नेहमीसारखीच कुरकुर न करता गावभर फिरली, तरी मिस्त्रींना वाटलं, आपण घासलेल्या पॉइंटांचाच हा प्रताप.

पण पेठेला विषय मिळाला होता. मिस्त्री टपरीवर आले, की कुणीतरी हळूच म्हणे, “मिस्त्री, त्या मॉरिसचं सासर मुरगूडला हाय व्हय? जायाचं नाव काढलं की रुसतीया.” दुसरा म्हणे, “न्हाई रं, कागलात तिचं म्हायेर हाय. म्हायेर सोडताना पाय निघंना.” गुंडू कपबशीतून पाणी देताना इतका गंभीर चेहरा करी, की तेच जास्त लागे.

एके दिवशी मिस्त्रींनी ती बशी बाकड्यावर आपटली. “ऐका सगळी! येत्या रविवारी मी सोता बसतोय गाडीत मुरगूडपत्तोर. ही गाडी वाटंत बंद पडली, तर गैबी पुन्यांदा हातात पाना धरणार न्हाई! लिवून ठिवा!”

कुणी लिहून ठेवलं नाही. गरजच नव्हती. जो तो गार झाला. बापूसो तिथंच होते. ते “अवो मिस्त्री, असं कशाला—” म्हणेपर्यंत शब्द सुटला होता, आणि मिस्त्रींचा सुटलेला शब्द परत येत नाही हे त्या कपातल्या पाण्यालाही माहीत होतं.

बातमी मिस्त्रींच्या आधी घरी पोचली. त्यांची बायको सुगराबी चुलीपुढं बसल्या होत्या. “पाना सोडणार म्हणं तुमी.”

“गाडी बंद पडली तर.”

“आन् मग काय करणार?”

“घरात बसीन!”

“घरात?” सुगराबींनी भाकरी तव्यावर आपटली. “म्हंजे दिवसभर माज्या भांड्यांवर वराडणार. त्यापरास मीच जाते त्या गाडीत, ढकलत न्हेते मुरगूडला.”

मिस्त्री रागानं अंथरुणावर पडले. पण झोप लागेना. पान्याशिवाय आपला हात कसा दिसेल, ते त्यांनी अंधारात एकदा मूठ उघडून बघितलं. मग त्या मुठीचाच राग येऊन त्यांनी ती उशाखाली दाबली.

रविवारी सकाळी ते बापूसोंच्या दारात हजर झाले. आक्कांनाही गुऱ्हाळावर जायचं होतं. मिस्त्री बॉनेटवर वाकलेले असताना आक्का गाडीच्या मागून पदराला हात पुसत आल्या. म्हातारं माणूस, गाडीला नमस्कार करत असेल, म्हणून मिस्त्रींनी तिकडं लक्ष दिलं नाही. आक्का मागच्या सीटवर बसल्या आणि गाडी निघाली.

टक-टक-टक. कान देऊन बसलेल्या मिस्त्रींना वाटलं, आज पंपाला आपली भीती बसलीय. कागल आलं. कागल गेलं. बापूसो तोंडातल्या तोंडात णमोकार मंत्र म्हणू लागले. उसाच्या गाड्या मागं पडत होत्या, दूर कुठल्यातरी गुऱ्हाळाचा धूर दिसत होता, आणि मिस्त्री जरासे सैल होऊन दाढीवरून हात फिरवणार, तोच गाडीनं गचका खाल्ला. दुसरा खाल्ला. टकटक रेंगाळली. टक… टक… आणि बंद.

बापूसोंचा हात सवयीनं दाराकडं गेला.

“उतरायचं न्हाई!” मिस्त्री असे ओरडले की रस्त्याकडेचा बैल दचकला. “कुणी उतरायचं न्हाई! कशाला हात लावायचा न्हाई! हात मांडीखाली घिऊन बसा!”

बापूसोंनी खरोखरच हात मांडीखाली घेतले. आणि मिस्त्रींच्या एवढ्या वर्षांच्या रागानं जर कधी कुणाचं भलं केलं असेल, तर ते त्या घटकेला. कारण त्यामुळं त्या दिवशी पहिल्यांदाच पेट्रोलचं झाकण कुणी उघडलं नाही.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. पंप तापलेला, मुका. त्यांनी दांड्यानं टिचकी मारली. काही नाही. आणखी एक मारली. नाही. मग असा एक हाणला की त्यांचाच हात झिणझिणला. पंप ढिम्म.

“ह्या खेपंला मार खाऊनबी उठंना!” मिस्त्री थबकले. वीज पंपापर्यंत येत होती. वायर टेकवली तर ठिणगी पडत होती. त्यांनी टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडवली आणि तोंडावर अंगठा दाबला.

नळीनं अंगठा धरला.

मिस्त्रींनी अंगठा ओढला. सुटताना ‘पुक्’ असा आवाज आला. त्यांनी पुन्हा लावला. नळी बाळ चोखावं तसा अंगठा चोखत होती. आता राग बाजूला ठेवावा लागला, कारण हे काहीतरी निराळंच होतं. त्यांनी त्या नळीच्या तोंडाला बोळा कोंबला, पंपाला रबराची दुसरी नळी जोडली, तिचं टोक बरोबर आणलेल्या पेट्रोलच्या बाटलीत सोडलं आणि बापूसोंना किल्ली फिरवायला सांगितली.

टक-टक-टक-टक-टक! बाटलीतलं पेट्रोल सरसर उतरायला लागलं.

मिस्त्री पंपाकडं बघत राहिले. पंप निर्दोष होता. आजचाही, आणि मोडीत फेकून दिलेला पहिलाही. इतके दिवस ते ज्याला शिव्या घालत होते, खोलत होते, घाशीत होते, पान्यानं बडवत होते, तो बिचारा मागं टाकीचा श्वास कोंडलेला असताना जीव तोडून ओढत होता. ओढून ओढून तापत होता. टाकीतून पेट्रोल बाहेर यायचं तर त्याच्या जागी हवा आत जायला हवी. त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. ते भोक—

मिस्त्री धावतच मागं गेले. झाकण फिरवलं. ‘सुस्स्स्’ करून टाकीनं एवढा मोठा श्वास घेतला, की आतल्या आक्काही म्हणाल्या, “अगं बया!” दर वेळी बापूसो काडी घालायला हे झाकण उघडत, तेव्हाच गाडीचा रोग जात होता; टिचक्या फुकटच्या.

झाकणावर काहीतरी तपकिरी, चिकट थापलेलं होतं. भोकात गच्च बसलेलं. मिस्त्रींनी नखानं खरवडलं, हुंगलं आणि रागाच्या भरात जिभेला लावलं.

गूळ. आणि तोही उत्तम.

“कुणी?” मिस्त्रींचा आवाज चढत गेला. “कुणी लावला? कुनाच्या बाचं गुऱ्हाळ हाय हे?”

“माज्या सासऱ्याचं,” आक्का खाली उतरून म्हणाल्या. “आन् गूळ मी लावला. वराडतोस कशाला?”

“आक्का! पेट्रोलच्या तोंडाला गूळ?”

“मग कुठं लावू? गाडी खातीया तितनंच की! पेट्रोलपंपावर मानूस मागनं नळी घालतोय, ते बघितलंय मी. खातीया तिथं तोंड.”

“तोंड पुढं असतंय वो! बैलाचं तोंड कधी मागं बघितलंय?”

“बैल मागनं खात न्हवतं!”

मिस्त्रींनी झाकण पुन्हा एकदा हुंगलं. आक्का मात्र थांबायच्या नव्हत्या. “आत घालू नगंस म्हणला बापू, इंजिन खराब हुतंय म्हणला. म्हणून वरच, ओठाला लावला. दात न्हाईत तिला म्हणून पाण्यात मऊ करून लावला. आमचं हरण्या आन् पाखऱ्या गावाला जुंपायचं, तर गुळाचा खडा चारल्याबिगर कधी उंबऱ्याबाहेर काढलं न्हाईत. हिनं ती जागा घेतली. बैल इकले तवा मला कुणी इचारलं न्हाई. आता ही येवढं वझं ओढून गावाला जाणार, हिला उपाशी कशी धाडू?”

बापूसो गाडीत हात मांडीखाली घेऊनच बसले होते, आणि आता त्यांनी मानही खाली घातली.

मिस्त्रींचं तोंड उघडं होतं. आत राग तयार होता, शिगोशीग. पण तो टाकायचा कुणावर? पंपावर टाकून झाला होता, आणि तो चुकीचा निघाला. आक्कांवर टाकावा तर समोर हरण्या आणि पाखऱ्या उभे राहत होते. त्यांनी तोंड मिटलं, खिशातून तार काढली आणि झाकणाचं भोक असं कोरलं, जणू कुणाचा तरी डोळाच फोडतायत. नळी जोडली. गाडी मुरगूडला पोचली आणि संध्याकाळी सरळ परत निघाली.

परतीला मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत. हे इतकं भयंकर होतं, की आक्कांनी शेवटी विचारलं, “बापू, ह्यो गप का?” बापूसोंनी दबक्या आवाजात टपरीवरचा शब्द सांगितला.

“आन् हे तू मला आत्ता सांगतोस?”

“कुणीबी कुठं बोलायचं न्हाई,” मिस्त्री पुढून, मागं न बघता म्हणाले. “गुळाचं नाव काढायचं न्हाई. पेठ दात काढंल.”

“कुणाला, मला?”

“मग काय मला? माजं काय ते मी बगीन!”

गाडी टपरीपुढं थांबली. बाकडं भरलेलं होतं. हसायला कुणी आलं नव्हतं. जो तो तोंड पाडून, मयताला आल्यासारखा बसला होता. गुंडूनं विचारलं, “मिस्त्री… पडली का?”

“पडली,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी खिशातला पाना काढला, फडक्यानं पुसला आणि बाकड्यावर ठेवला. “शब्द म्हंजे शब्द.”

पान्याकडं बघायला कुणी तयार होईना. तेवढ्यात मॉरिसचं मागचं दार उघडलं आणि पद्मावतीआक्का टपरीपुढं उभ्या राहिल्या. ती बाई टपरीवर कधी आली नव्हती; बाकड्यावरची माणसं आपोआप उठून उभी राहिली.

“गाडी माज्यामुळं बंद पडली,” आक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत गेला. “तिच्या पेट्रोलच्या तोंडाला मी गूळ लावला. कुणाला हसायचं असंल त्यानं हितंच हसा, घरी जाऊन नगं.”

कुणी हसलं नाही. म्हणजे एकजण हसणार होता, पण त्याला शेजारच्यानं कोपरखळी मारली.

“तुमाला कुणी सांगितलं बोलायला?” मिस्त्री भडकले. “मी ठेवला हुता की पाना गपगुमान!”

“म्हंजे पंप चांगला हुता?” गुंडूनं विचारलं.

“चांगला हुता!”

“मग उचला की वो पाना. पंपाची चूक न्हाई, तुमची न्हाई.”

“गाडी बंद पडली तर, असं बोललो हुतो! पंप बंद पडला तर, असं न्हाई! मला पळवाट दावू नकोस गुंड्या!”

“बरं,” आक्का म्हणाल्या. त्यांनी कनवटीचा गुळाचा खडा काढून हातावर धरला. “बापू, ऐक. मी हिरवी भाजी सोडलीया, कंद सोडल्यात, रात्रीचं जेवान सोडलंय. नियम घेतला आन् मोडला, असं कवा झालंय?”

“न्हाई आक्का,” बापूसो कासावीस होऊन म्हणाले.

“मग आज ह्या बाकड्याच्या साक्षीनं नियम घेते. ह्या मिस्त्रीनं पाना सोडला, तर मीबी जल्मभर गूळ सोडला.”

गुऱ्हाळावर नांदायला आलेली, गुळाच्या वासात म्हातारी झालेली बाई. तिच्या ताटात आता गोड म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. आणि ती नियम पाळणार यात कुणालाच शंका नव्हती, मिस्त्रींना तर मुळीच नाही. रागाच्या भरात बोललेला शब्द आयुष्यभर वाहायचा म्हणजे काय, हे त्या पेठेत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“आक्का, शब्द माघारी घ्या.”

“तू घे आदी.”

“मी घेत न्हाई!”

“मग मीबी घेत न्हाई!”

दोघं एकमेकांकडं खाऊ की गिळू असे बघत उभे. आक्कांच्या हातावरचा खडा काही खाली येत नव्हता. मिस्त्रींच्या कपाळावरची शीर उडायला लागली. दाढी हलली. आणि मग त्यांनी इतक्या जोरात पाना उचलला, की बाकड्यावरची कपबशी खाली पडून फुटली.

“घेतला! उचलला! झालं समाधान? गैबीनं शब्द मोडला म्हणून सांगा साऱ्या कोल्हापुरात!”

आक्कांनी खड्याचा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला. “खा. आन् मला पुढचं बॉनेट उघडून दाव. वझं कोण ओढतंय ते बगू दे. त्याला चारते.”

“पंपाला गूळ?” मिस्त्री किंचाळले. “माज्या पंपाला? वायरीवर एक कण पडला तर याद राखा! वरच्या टोपनावर, तिथंच! बोटभर!”

आणि त्यांनी स्वतः बॉनेट उघडून जागा दाखवली. आक्कांनी तापलेल्या पंपाच्या टोपणावर गुळाचं बोट टेकवलं. मिस्त्री दात-ओठ खात बघत राहिले. जिथं आजवर त्यांनी पान्याचे दांडे हाणले होते, नेमकं तिथंच ते बोट लागलं होतं.

मग ते टपरीकडं वळले. सगळे त्यांच्याकडंच बघत होते, म्हणून त्यांना आणखी राग आला.

“बगताय काय? एक शब्द मोडला, तर आता दुसरा कशाला ठेवू? गुंडू! चहा दे!”

गुंडू हातातलं गाळणं तसंच धरून उभा राहिला. मग घाईघाईनं त्यानं ताजं आधण ठेवलं, दूध ओतलं, पत्ती दुप्पट टाकली, आक्कांच्या हातातला उरलेला गूळ मागून घेऊन घातला आणि नव्या कपबशीतून चहा आणला. मिस्त्रींनी बशीत ओतला, फुंकला, एक घोट घेतला.

“पाणचट हाय,” मिस्त्री म्हणाले, आणि दुसरा घोट घेतला.